आक्काचे तळवे

आक्का, तुला अंगणात ठेवलं होतं आणि एकेक जण पाया पडून बाजूला होत होता. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो, डोकं टेकवलं, आणि उठता उठता नेहमीच्या सवयीने तुझे तळवे बघून घेतले. आधी डावा, मग उजवा, मग टाचा, मग बोटांच्या बेचक्या. मागे उभ्या असलेल्या बायकांना वाटलं, भावाला बहिणीचे पाय सोडवत नाहीत. कुणीतरी दंडाला धरून मला उठवलं. तळवे स्वच्छ होते. कुठे फोड नाही, चीर नाही, लाली नाही. मला चक्क हायसं वाटलं गं. मग तुझ्या तोंडाकडे नजर गेली आणि मी तिथेच खाली बसलो.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं माझं झालं. इतकी वर्षं मी तुझ्या पायांवर पहारा दिला आणि मरण आलं ते छातीकडून. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता, तू पडवीत मांडीवर सूप घेऊन बसली होतीस आणि तशीच कलंडलीस. शेजारची सून धावत येईपर्यंत सगळं आटपलं होतं. तिने मला महाडला फोन केला तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? "पायाला काय झालं?"

हसतेस ना? हस. तू मला जन्मभर चिंतातुर जंतूच म्हणत आलीस. माझी सगळी नोकरी महाडच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली. गाडी आली नाही तर काळजी, आली तर ड्रायव्हर जेवला का याची काळजी, सुटली तर घाटात अडकेल का याची काळजी. निवृत्त झाल्यावर एवढी सगळी काळजी ठेवायची कुठे? नेमकी तेव्हाच तुझ्या पायाची करंगळी गेली.

करवंदीचा काटा होता एवढासा. तो तुझ्या करंगळीत किती दिवस होता ते तुला कळलंच नाही, कारण शुगरने पायातली जाणीवच गेली होती. कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. महाडच्या डॉक्टरांनी बोट काढलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढची जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. हे मी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "दुखत नाय ना पण? दुखत नाय ते बरंच हाय की रे, दत्तू." मला मात्र तेव्हापासून तुझ्याऐवजी दुखायला लागलं.

म्हणून दर रविवारी गावी कापड्याला यायचो. आल्या आल्या पाया पडायचो आणि पडता पडता टाच उचलून तळवा बघायचो. तू पदर तोंडाला लावून विचारायचीस, "पाया पडतोस का पाय तपासतोस रे?" दोन्ही करत होतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या काळ्या, मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मी आणून दिल्या होत्या. त्या तू माझी स्कूटर वळणावर वाजली की घालायचीस आणि मी गेलो की दारामागे सारायचीस. तुला त्यांची लाज वाटायची. गड्याच्या दिसतात म्हणायचीस.

आपल्या घरात पहिल्या चपला आल्या त्या माझ्यासाठी, दत्तू पोलादपूरला शाळेत जातो म्हणून. तू मला वहाळापर्यंत पोचवायला यायचीस ती अनवाणी, आणि पाणी असलं की मला कडेवर घेऊन पलीकडे टाकायचीस, नव्या चपला भिजू नयेत म्हणून. तेव्हा कुणी तुझे तळवे बघितले नव्हते. मी मोठेपणी बघतो तर काय बिघडलं?

आता त्या पार्काचं. त्यावरून आपलं भांडण अजून चालूच आहे, असं मी धरून चाललोय.

तुझ्या विलासची प्राची, तुझी नात, तुझ्याच हाताखाली वाढलेली. मुंबईची खोली लहान म्हणून बापाने तिला तुझ्याकडे ठेवली, ती कापड्याचीच झाली. शिकली आणि तिकडे मुंबईच्या वाटेवरच्या मोठ्या पार्कात नोकरीला लागली, जिथे ते झोपाळे, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या असतात. गावात लगेच कुजबुज. पोरगी टोपी घालून कुठे उभी राहते, कुणाकुणाशी बोलते, काम तरी काय करते? तू ऐकून घेतलंस, उलट बोलली नाहीस. एका रविवारी मी तळवा बघत असताना वरून म्हणालीस, "दत्तू, मला पोरीचं काम बघायचंय."

माझ्या हातातून पाय निसटला.

मी तुला सगळं समजावलं होतं. मे महिन्याची सुट्टी, मुंगीलाही पाय ठेवायला जागा नसणार. उन्हात तापलेल्या लाद्या. दिवसभर चालणं. वेळेवर खाल्लं नाहीस तर चक्कर, जास्त खाल्लंस तर शुगर. पण विलासला सुट्टी तेव्हाच होती, गाडी त्याची होती, आणि तू एकदा मान हलवलीस की ती नंदीबैलाची नव्हे. विलास म्हणाला, "मामा, टेन्शन नका घेऊ. तिकडे सगळी फॅसिलिटी असते." मी फॅसिलिटीची चौकशी करायला फोन लावला. चाकाची खुर्ची मिळेल का? मिळेल, पण आधी येईल त्याला. सगळीकडे उतार आहेत की पायऱ्या? काही ठिकाणी उतार, काही ठिकाणी पायऱ्या. कमोडचा संडास? आहे. सावली? फोनवरची मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "सर, झाडं आहेत." त्या झाडांवर माझा विश्वास बसला नाही. मी दोन छत्र्या घेतल्या.

तुला आठवतं ना, फाटकावरच पहिली ठिणगी पडली. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून रखवालदाराने पिशवी अडवली. मी डॉक्टरांची चिठ्ठी काढली, शुगर, इंजेक्शन, वेळेवर जेवण असं सगळं सांगत आवाज चढवला. मागची रांग माझ्यावर ओरडायला लागली. तू शांतपणे पिशवीतलं फडकं सोडलंस आणि त्याला दाखवलंस. "भाकरी हाय बाबा, बॉम्ब नाय. तू जेवलास काय?" तो पोरगा हसला. त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने चिठ्ठी वाचली, सुकटाच्या चटणीचा वास घेऊन नाक मुरडलं आणि जा म्हणाला. मी भांडून जे करू शकलो नाही ते तू भाकरी दाखवून केलंस, आणि वर मलाच म्हणालीस, "वराडतोस कशाला रे? त्याचं काम हाय ते."

खुर्ची मिळाली, तर तू बसेनास. "पाय हायत तोवर चालू दे." मग पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या दोन छत्र्या खुर्चीत ठेवल्यास आणि ती तूच ढकलायला लागलीस, आधाराला बरी पडते म्हणून. मी बाजूने तुझ्या पायांकडे बघत चालत होतो. पार्कात काय काय होतं ते मला कुणी विचारू नये. मी तिथे फक्त तुझ्या दोन काळ्या चपला आणि लाद्यांमधल्या फटी बघितल्या. माणसं नुसती अंगावर येत होती. भिजलेली पोरं पळत होती, कोण कधी तुझ्या पायावर पाय देईल याचा नेम नव्हता. वरून पाळण्यातल्या माणसांच्या किंकाळ्या. तू वर बघून म्हणालीस, "पैसे देऊन बोंबलतात गो बाई."

प्राची पार्काच्या पार आतल्या टोकाला होती. तिथे त्यांनी खोटा डोंगर केलाय, त्यात गुहा, वरून पाण्याची धार, तोंडाशी देवळासारखी कमान आणि आत कुठल्याशा देवाची मूर्ती. गुहेतून होडी जाते. खरं सांगतो, लांबून बघताना मलाही शिवथरच्या घळीची आठवण झाली. कमानीपाशी टोपी घातलेली आपली प्राची उभी होती, हातात भोंगा. पुढे चार पायऱ्या, म्हणून खुर्ची खालीच ठेवायची होती. विलास पाणी आणायला गेला होता. मी खुर्ची बाजूला लावून चाकाला अडकण घालत बसलो, ती घरंगळून कुणाच्या अंगावर जाईल म्हणून. मान वर केली तर तू पायऱ्या चढून वर पोचलेली, हात जोडलेली, आणि अनवाणी.

चपला काढून नीट जोडीने बाजूला ठेवल्या होत्यास, देवळाबाहेर ठेवतात तशा.

तुला बघून मागची बाई चपला काढायला लागली. तिला बघून तिचा नवरा. मग पाचपन्नास माणसांनी काढल्या. आपली माणसं ती, पुढचा काढतो म्हणजे काहीतरी असणारच. बघता बघता कमानीबाहेर चपलांचा ढीग झाला. आणि लाद्या तर तव्यासारख्या. सगळी माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, हाय हुय करत सावली शोधत होती. त्या सगळ्या गर्दीत तू एकटी स्थिर उभी होतीस, डोळे मिटून, दोन्ही पावलं पूर्ण टेकवून. बायका तुझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, काय ही भक्ती म्हणून. मी एकटाच जाणून होतो की ती भक्ती नव्हती. तुला कळतच नव्हतं की पाय भाजतायत.

मी ओरडलो, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो? माणसं सारत वर यायला लागलो, कुणाच्या तरी बाळाला धक्का लागला, बापाने शिवी दिली. तेवढ्यात भोंगा वाजला. "सगळ्यांनी चपला घाला! हे देऊळ नाही, राइड आहे. अनवाणी कुणालाही आत सोडणार नाही. आजी, तुम्हीसुद्धा! आधी चपला!" प्राचीचा आवाज, पण असा की मी पण जागच्या जागी थांबलो. सगळी माणसं वाकली. आपली कुठली, परक्याची कुठली, एकच गोंधळ. तुझ्या मात्र जिथल्या तिथे होत्या. त्या डॉक्टरी चपला कोण उचलणार?

तू त्या घातल्यास, मागे वळलीस आणि मला बघून तुझा चेहरा असा फुलला होता की मी तो कधीच विसरणार नाही. "ऐकलास काय रे? एका हाकेवर सगळी गुमान! आता बोलू दे कोण बोलतोय ते."

मी तिथेच गुडघ्यावर बसून तुझा पाय हातात घेतला. उजवा लाल झाला होता. डाव्याच्या चवड्याखाली चिंचोक्याएवढा फोड वर येत होता. लोकांना वाटलं, म्हातारा म्हातारीच्या पाया पडतोय. मग ऊन, भूक, भीती, काय असेल ते, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मी खुर्चीत होतो, मांडीवर भाकरीची पिशवी होती, आणि तू मागून मला ढकलत गर्दीला सांगत होतीस, "बाजूला व्हा गो, माझा भाव आजारी हाय." आणि माणसं बाजूला होत होती. दिवसभर तुझ्यासाठी जी वाट मागून मिळत नव्हती ती माझ्यासाठी मिळाली, आणि तू भाजलेल्या पायांनी त्या वाटेवरून चाललीस. मला उतरू देईनास. सावली आली तेव्हाच थांबलीस आणि मला भाकरी भरवलीस.

परतीच्या वाटेवर तुझा पाय माझ्या मांडीवर होता. माणगाव गेलं, लोणेरं गेलं, मी फोडावरचं फडकं ओलं करत होतो. तू झोपली होतीस. डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फोड फुटला, जखम झाली, कडा काळपट झाल्या. डॉक्टर फक्त परवा परत या म्हणायचे. लावणी आली तेव्हा तू जन्मात पहिल्यांदा बांधावर गेली नाहीस. पडवीत पाय उशीवर ठेवून बसलीस आणि तिथूनच लावणीच्या बायकांना ओरडत होतीस, रोपांचा आवा दाट पडतोय म्हणून. मी एक दिवसाआड येऊन पट्टी बदलायचो. पट्टी सोडताना प्रत्येक वेळी माझे हात कापायचे. तू माझ्या हातांकडे बघायचीस, जखमेकडे नाही.

आणि प्रत्येक वेळी मी तेच भांडण काढायचो. "प्लास्टरच्या देवापायी पाय घालवणार होतीस!" तू म्हणायचीस, "देव तुला बोलला काय, मी प्लास्टरचा हाय म्हणून?" मी म्हणायचो, शहाण्या माणसाला घळ कुठली आणि करमणूक कुठली ते कळायला नको? तू म्हणायचीस, "मी कुठं शहाणी? शहाणा तू. शाळेत तू गेलास." आणि हसून विषय बदलायचीस. गौरी-गणपतीला जखम भरून आली. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी चवदार तळ्याजवळच्या दुकानातून पेढे घेतले, तुला चालत नाहीत म्हणून ते सगळे मीच खाल्ले. भांडण मात्र मी सोडलं नाही. पाहुण्यारावळ्यांत ती गोष्ट रंगवून सांगायचो, आमची आक्का आणि तिचं पार्कातलं देवदर्शन. सगळे हसायचे. तूही हसायचीस.

काल दहावं झाल्यावर प्राची माझ्याजवळ पडवीत येऊन बसली. मी आपला दुःखात पण तीच गोष्ट सांगत होतो, आजीने तुझ्या पार्कातला देव खरा मानला म्हणून. पोरगी म्हणाली, "नाय आजोबा. आजीला माहीत होतं. मी फोनवर सगळं सांगितलेलं, देव प्लास्टरचा, डोंगर सिमेंटचा, पाणी पंपाचं."

"मग चपला कशाला काढल्या?"

"मी पण तेच विचारलं तिला. तर म्हणाली, तू जिथं उभी ऱ्हाऊन पोट भरतेस ते तुझं खळं हाय. खळ्यात कोण चपला घालून जातो काय?"

समोर आपलं खळं होतं, शेणाने सारवलेलं. झोडणी झाली तरी अजून तिथून कुणी चपला घालून जात नव्हतं, दहाव्याला आलेली माणसंही कडेने वळसा घालून जात होती. मी जन्मापासून हे बघतोय. उफणलेलं भात जिथे पडतं तिथे वहाण जात नाही, हे मला आईने नाही, तूच शिकवलंस, नव्या चपला मिरवत मी खळ्यात शिरलो तेव्हा कानाखाली वाजवून. आणि मला ते त्या कमानीपाशी सुचलं नाही. मला फक्त लाद्या दिसल्या.

एवढे महिने मी तुला हसत होतो तेव्हा सांगितलं का नाहीस गं? एकदा म्हणायचंस, दत्तू, गप, तुला काय कळतंय. मला वाटतं, तू मला भांडू दिलंस. पट्टी सोडताना मी भांडत असलो की माझे हात कमी कापायचे, ते तुला दिसत असणार. हे खरं असेल तर तुझं हे देणं मी कुठे फेडू? आणि खरं नसेल तर उत्तर द्यायला तू नाहीस. मला राग येतोय आक्का, आणि तो काढायला रविवार उरलेला नाही.

उद्या तुझं बारावं. भटजींनी सांगितलंय, छत्री हवी, काठी हवी, तांब्या हवा आणि पायताण हवं. पुढची वाट तापलेली असते, काट्याची असते, म्हणून दान द्यायचं. हे ऐकलं आणि मी आधी पायताण कुठलं आणलंय ते बघितलं. विलासने बाजारातून बायकी चपला आणल्या होत्या, सोनेरी पट्ट्याच्या, कडक तळाच्या. मी त्या परत पाठवल्या आणि स्वतः महाडला जाऊन तसल्याच आणल्या, काळ्या, मऊ, मागे पट्टा असलेल्या, तुझ्या मापाच्या. विलास म्हणाला, "मामा, या भटजींच्या काय कामाच्या?" मी म्हटलं, त्यांच्या नाहीतच त्या.

तर ऐक. त्या दारामागे सारू नकोस. तिकडे कुणी बघत नाही, गड्याच्या दिसल्या तरी चालतील. वाट तापलेली आहे, आणि तुला ते कळायचं नाही, तोच माझ्या जिवाला घोर आहे. कुठे देऊळ दिसलं, खळं दिसलं, आपलं कुणी कष्ट करताना दिसलं, तरी पायातलं काढू नकोस. लांबूनच हात जोड. तुला पटणार नाही, मला माहीत आहे, तू काढशीलच. मग निदान संध्याकाळी सावलीला बसून तळवा उलटा करून बघत जा. आधी डावा, मग उजवा, मग टाचा, मग बेचक्या. मी येईपर्यंत तेवढं तुझं तुलाच करावं लागेल.